महाकाय स्पंज : मोजलेले किती, मानलेले किती?

स्पंज हा आपल्या शालेय अभ्यासक्रमातला एक उपेक्षित प्राणी आहे. प्राण्यांच्या वर्गीकरणात रंध्रीय प्राणिसंघाचे नाव येते, ऑस्टिया आणि ऑस्क्युला हे दोन शब्द पाठ होतात, कॉलर पेशींचा ओझरता उल्लेख होतो, आंघोळीच्या स्पंजाचे उदाहरण दिले जाते आणि आपण लगेच पुढच्या संघाकडे वळतो. अशा स्थितीत एखाद्या स्पंजाविषयी लोकप्रिय विज्ञानलेखांतून आणि माहितीपटांतून कौतुकाने बोलले जावे, याचे स्वागतच करायला हवे. कॅरिबियन समुद्रातील महाकाय पिंप-स्पंजाच्या वाट्याला हे कौतुक गेल्या काही वर्षांत भरपूर आले आहे. हे लेखन वाचताना मात्र आम्हांला एक गोष्ट वारंवार खटकते.

या प्राण्याविषयी तीन विधाने नेहमी एकत्र केली जातात. तो अहोरात्र प्रचंड प्रमाणात पाणी गाळतो, हे पहिले. तो २,३०० वर्षे जगतो, हे दुसरे. आणि पाण्यात विरघळलेल्या निरुपयोगी द्रव्यांपासून अन्न बनवून तो सगळ्या प्रवाळभित्तीला पोसतो, हे तिसरे. तिन्ही विधाने एकाच सुरात, एकाच खात्रीने मांडलेली असतात. वस्तुतः त्यांतील पहिल्याच्या मुळाशी प्रत्यक्ष मोजमाप आहे, दुसरे गणिताने पुढे ताणलेले अनुमान आहे, आणि तिसरे दुसऱ्याच स्पंजांवरून सुचलेले गृहीतक आहे. तिघांची प्रतवारी न करता ती वर्गात सांगणे म्हणजे विज्ञानातली माहिती देणे आणि विज्ञान मात्र वगळणे होय, असे आमचे मत आहे. म्हणून या तिन्ही विधानांची एकेक करून तपासणी करू.

प्राणी आणि त्याचे पाणी

या स्पंजाचे शास्त्रीय नाव झेस्टोस्पाँजिया म्यूटा. फ्लोरिडा, बहामा बेटे आणि कॅरिबियन समुद्र हे त्याचे घर. पूर्ण वाढलेला स्पंज खरोखरच एखाद्या जाड भिंतीच्या पिंपासारखा दिसतो. वरचे तोंड उघडे, आत खोल पोकळी, बाहेरून खडबडीत कंगोरे. उंची मीटरभराहून अधिक होऊ शकते. शरीराला आधार देणाऱ्या कंटकी सिलिकाच्या असतात. रंग तपकिरी-तांबूस असतो आणि तो मुख्यतः त्याच्या ऊतींत राहणाऱ्या नीलहरित जीवाणूंमुळे येतो. हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिकमध्ये त्याचे जवळचे भाईबंद आढळतात, परंतु ते निराळ्या जातींचे आहेत.

स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद शतकानुशतके चालला होता. तो निकालात काढण्याचे मोठे श्रेय एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट यांना जाते. १८२५ च्या सुमारास त्यांनी जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मोठ्या छिद्रातून पाण्याची धार जोराने बाहेर पडते आणि बारीक कण आपल्याबरोबर ओढून नेते, हे त्यांना दिसले. बाहेर धार आहे, तर आत येणारे पाणीही असलेच पाहिजे. ते असंख्य सूक्ष्म रंध्रांतून येते. कॉलर पेशींच्या कशाभिका सतत हलत राहतात आणि हा प्रवाह चालू ठेवतात. आज पाणबुडे पिंप-स्पंजाच्या बाहेरील अंगाशी थोडा रंग सोडतात आणि काही क्षणांतच तो रंग वरच्या तोंडातून धुरासारखा बाहेर पडताना दिसतो. ग्रँटच्या निरीक्षणाची ही मोठ्या प्रमाणावरची आवृत्तीच म्हणायची.

या प्रवाहाचा वेग उपकरणाने मोजता येतो, तोंडाचे क्षेत्रफळ मोजता येते आणि दोहोंच्या गुणाकाराने दर सेकंदाला किती पाणी बाहेर पडते ते मिळते. फ्लोरिडातील की लार्गोजवळ काँच रीफ नावाची प्रवाळभित्ती आहे. तेथे स्टीव्हन मॅकमरी, जोसेफ पॉलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मोजमापे करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. तेथील सगळे पिंप-स्पंज मिळून आपल्यावरचा ३० मीटर खोलीचा पाण्याचा थर सुमारे २.३ ते १८ दिवसांत एकदा आपल्या शरीरातून फिरवतात, असा त्यांचा हिशेब आहे.

हाही शेवटी हिशेबच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मात्र यातील वेग, आकार आणि संख्या हा प्रत्येक घटक त्याच जागी, त्याच जातीवर मोजलेला आहे. शिवाय उत्तर एका आकड्यात न देता दोन टोकांमध्ये दिले आहे आणि ही टोके एकमेकांपासून जवळजवळ आठ पट दूर आहेत. लोकप्रिय लेखांत यांतले फक्त लहान टोक उचलले जाते, कारण ते अधिक चमकदार दिसते. दोन्ही टोके सांगितली, तर पहिले विधान निर्धास्तपणे वर्गात सांगण्याजोगे आहे.

दोन हजार तीनशे वर्षांचे कोडे

आता वयाकडे वळू. हा आकडा २००८ साली मॅकमरी, ब्लम आणि पॉलिक यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून आला. काँच रीफवरील खुणा केलेल्या स्पंजांची साडेचार वर्षे पाण्याखाली छायाचित्रे घेऊन त्यांनी प्रत्येकाचे आकारमान किती वाढले ते काढले. काम अत्यंत चिकाटीचे आणि मोलाचे आहे, हे आधी स्पष्ट करायला हवे. या जातीची वाढ कशी होते, याची भरवशाची माहिती त्यापूर्वी जवळजवळ नव्हती.

स्पंजाची वाढ दर वर्षी आपल्याच आकारमानाच्या किती टक्के झाली, हे पाहिले असता सरासरी ५२ टक्के आली. प्रमाण विचलन ६५ टक्के आले. म्हणजे विचलन सरासरीपेक्षाही मोठे! सर्वांत वेगाने वाढणारा स्पंज वर्षाला ४०४ टक्के वाढत होता, तर सर्वांत मंद २ टक्के. लहान स्पंज झपाट्याने वाढतात आणि मोठे होता होता वेग मंदावतो. सरासरी हा शब्द कधी निरर्थक होतो, हे शिकवायला गणिताच्या शिक्षकांना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

या आकड्यांवर वृद्धिसूत्रे बसवून संशोधकांनी आकारमानावरून वय काढले. त्यांच्या अभ्यासक्षेत्रातील सर्वांत मोठा स्पंज सुमारे १२७ वर्षांचा ठरला. मग तेच सूत्र पुढे ताणून कॅरिबियनमधील इतर ठिकाणच्या अतिप्रचंड स्पंजांना लावले, तेव्हा वय २,३०० वर्षांपर्यंत गेले. या टोकाच्या आकड्याशी जोडला जाणारा क्युरासाव बेटाजवळचा स्पंज १९९० च्या दशकाच्या अखेरीस रोग होऊन अल्पावधीत नाहीसा झाला. त्याचे वय पडताळून पाहण्याची सोय आता राहिलेली नाही.

येथे १२७ आणि २,३०० या दोन आकड्यांची जात वेगळी आहे, हे लक्षात घ्यायला हवे. पहिला आकडा मोजलेल्या आकारांच्या मर्यादेत आहे. सर्व आकारांच्या स्पंजांची वाढ पाहिली आणि त्यांचे तुकडे जोडून एका स्पंजाचा जीवनक्रम उभा केला, असे ते अनुमान आहे. दुसरा आकडा मोजलेल्या मर्यादेच्या फार बाहेरचा आहे. गणितात याला बहिर्वेशन म्हणतात. मोजलेल्या भागात दोन वक्ररेषा एकमेकींवर तंतोतंत बसत असल्या, तरी त्या भागाबाहेर त्या कुठच्या कुठे फाकू शकतात. काही वृद्धिसूत्रांत आकाराला कमाल मर्यादा असते, काहींत नसते. कोणते सूत्र निवडले, यावर शतके इकडची तिकडे होतात.

याच्याही मुळाशी एक साधी अडचण आहे. मोठा स्पंज वर्षाला २ टक्के वाढतो असे धरू. साडेचार वर्षांत त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढेल. आकार तसाच राहिला, तर व्यासातली वाढ सुमारे ३ टक्के, म्हणजे एक मीटर व्यासाच्या पिंपाला केवळ ३ सेंटिमीटर! खडबडीत कंगोऱ्यांच्या, लाटांच्या हेलकाव्यात छायाचित्रित केलेल्या प्राण्याच्या व्यासातला हा फरक आहे. वर्षाला २ टक्के वाढणारा स्पंज दुप्पट व्हायला ३५ वर्षे घेतो; खरा वेग १ टक्का असेल, तर ७० वर्षे. अतिप्रचंड स्पंजांच्या वयाचा सगळा डोलारा नेमका या मंद टोकावर उभा आहे. दीर्घ आयुष्यात स्पंजाचा एखादा भाग मरतो, तुटतो, पुन्हा भरून येतो. ही घट-वाढ आजच्या आकारावरून मागे जाऊन वाचता येत नाही.

संशोधकांनी आपल्या निबंधात बहिर्वेशन हा शब्द स्पष्टपणे वापरला आहे आणि ‘पर्यंत’ असेही म्हटले आहे. पण सारांशाच्या शेवटी पृथ्वीवरील सर्वांत दीर्घायुषी प्राण्यांमध्ये या स्पंजाची गणना होईल, असेही सुचवले आहे. पुढच्या लेखकांनी ‘पर्यंत’ गाळले आणि गणना तेवढी ठेवली. यात मूळ लेखकांचा दोष थोडा आणि आम्हां विज्ञानलेखकांचा अधिक, असे आम्ही म्हणू. ‘प्रवाळभित्तीचा रेडवुड’ या उपमेनेही गोंधळ वाढवला. रेडवुड वृक्षाच्या खोडात वार्षिक वलये असतात. सागाच्या ओंडक्यावर विद्यार्थी ती स्वतः मोजू शकतात. या स्पंजात मोजता येईल असे एकही वलय नाही. वृक्षाचे वय वाचलेले असते, स्पंजाचे वय मांडलेले असते. उपमेने हाच फरक पुसून टाकला.

भित्तीचा अन्नदाता?

तिसरे विधान सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याचे परिणाम वर्गाबाहेरही होतात.

प्रवाळभित्तीभोवतीचे पाणी पोषणदृष्ट्या गरीब असते. तरीही तेथे जीवसृष्टीची रेलचेल असते. ही रेलचेल पोसली कशी जाते, हा जुना प्रश्न आहे. प्रवाळ आणि शैवाले प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या सेंद्रिय द्रव्याचा बराच भाग पाण्यात विरघळलेल्या रूपात सोडून देतात. मासे, खेकडे किंवा गोगलगाई ते खाऊ शकत नाहीत. २०१३ साली डच संशोधक यास्पर द खूय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर एक देखणे उत्तर मांडले. स्पंज हे विरघळलेले द्रव्य शोषून घेतात, त्यापासून पेशी बनवतात, त्या पेशी भराभर टाकून देतात आणि हा सेंद्रिय चुरा लहान प्राणी खातात, असे त्यांचे म्हणणे. या चक्राला ‘स्पंज-चक्र’ असे नाव पडले. कार्बन आणि नायट्रोजनच्या खूण केलेल्या समस्थानिकांचा माग काढून त्यांनी द्रव्यापासून स्पंज, स्पंजापासून चुरा आणि चुऱ्यापासून प्राणी असा प्रवास दाखवून दिला. प्रयोग उत्तम होता.

मात्र तो केला कोणावर? प्रवाळभित्तीच्या कपारींत थरासारखे पसरणाऱ्या लहान, पातळ स्पंजांवर. त्यांतील हॅलिसार्का या स्पंजाच्या कॉलर पेशींचे विभाजनचक्र सुमारे सहा तासांचे असल्याचे आधी दिसले होते. कपारीत पसरायला जागा नसेल, तर नव्या पेशी बनल्या की जुन्या टाकाव्याच लागणार. उघड्यावर उभा असणारा, वाढायला भरपूर जागा असणारा पिंप-स्पंज हा सर्वस्वी वेगळ्या घडणीचा प्राणी आहे. तरीही ‘स्पंज’ या एका शब्दाच्या आधारे कपारीतला निष्कर्ष पिंपावर चढवला गेला. चित्रे काढताना सोयीचा म्हणून पिंपच काढला गेला आणि चित्रामुळे समज पक्का झाला.

मॅकमरी व सहकाऱ्यांनी उघड्यावरील कॅरिबियन स्पंजांवर ही कल्पना तपासून पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्पंजात शिरणारे आणि बाहेर पडणारे पाणी शेजारी शेजारी गोळा करून दोहोंतील फरक पाहायचा, अशी साधी व प्रामाणिक रीत. पिंप-स्पंज विरघळलेला सेंद्रिय कार्बन भरपूर घेतो, यात शंका राहिली नाही. याच गटाच्या आधीच्या मोजमापांत त्याच्या आहारातील कार्बनपैकी सुमारे ७० टक्के कार्बन या रूपातला होता. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात चुऱ्याची अपेक्षित भर काही दिसली नाही. चक्राचा पहिला अर्धा भाग आढळला, दुसरा आढळला नाही. इतर समुद्रांतील इतर काही उभ्या स्पंजांत चुऱ्याची निर्मिती आढळली आहे, म्हणून स्पंज-चक्र खोटे ठरत नाही. ते कोणत्या जातीला, कोठे लागू पडते, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

यातील गंमत पुढेच आहे. २०१६ मध्ये पॉलिक आणि दोघा सहकाऱ्यांनी नेमके उलट गृहीतक मांडले होते. सागरी शैवाले विरघळलेला कार्बन सोडतात, स्पंज तो खाऊन वाढतात, स्पंजांतून बाहेर पडणारी नायट्रोजनयुक्त पोषकद्रव्ये शैवालांना खत म्हणून मिळतात, शैवाले आणखी माजतात आणि प्रवाळांची कोंडी होते, असे हे ‘दुष्टचक्र’. स्पंज एकच, त्याने गाळलेले पाणीही तेच. एका कथेत तो भित्तीचा अन्नदाता, तर दुसऱ्या कथेत प्रवाळांच्या शत्रूचा साथीदार! मोजमापे दोन्ही कथांना काही अंतरापर्यंत सोबत करतात आणि मग थांबतात. ज्याला पहिली कथा आवडते त्याने दुसरीलाही तितकाच कडक पुरावा मागावा आणि पहिलीलाही. आम्हांला आजच्या घडीला दोन्ही कथा गृहीतकाच्याच पायरीवर दिसतात.

हे इतके महत्त्वाचे का?

काँच रीफवरील पिंप-स्पंजांची संख्या २००० ते २००६ या काळात ४६ टक्क्यांनी वाढली. २०१२ पर्यंत ती दुपटीहून अधिक झाली. याच कॅरिबियन भागात खडक बांधणारे प्रवाळ दशकानुदशके घटत आले आहेत. २०१४ पासून फ्लोरिडात पसरलेल्या प्रवाळांच्या ऊतिनाशक रोगाने आणि २०२३ च्या उन्हाळ्यात विलक्षण तापलेल्या पाण्याने त्यात मोठी भर घातली. अशा वेळी ‘स्पंज भित्तीला पोसतात’ हे वाक्य निर्विवाद सत्य म्हणून पसरले, तर स्पंज वाढताहेत म्हणजे सारे ठीक चालले आहे, असा निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागणार? उलट ‘दुष्टचक्र’ हेच सत्य मानले, तर उद्या कोणी स्पंज उपटून काढायला निघेल. दोन्ही धोके खरे आहेत.

प्रवाळभित्ती चुनखडीची बनते आणि ती चुनखडी प्रवाळ घालतात. पिंप-स्पंज कितीही भव्य झाला तरी तो मेल्यावर मागे खडक उरत नाही. घर बांधणारा आणि घरात राहणारा, यांतला हा फरक आहे. पण राहणाराही घराला उपयोगी पडतो, हे १९७९ मध्ये जेनी वुल्फ आणि लिओ बस यांनी कॅरिबियनमध्ये दाखवले. काही लहान भित्तींवरून त्यांनी स्पंज काढून टाकले, काहींवर तसेच ठेवले. सहा महिन्यांत स्पंज काढलेल्या भित्तींवरील सुमारे ४० टक्के प्रवाळ निखळून गेले. स्पंज असलेल्या भित्तींवर ४ टक्क्यांच्या आसपास. स्पंज प्रवाळांना खडकाशी बांधून ठेवतात, या विधानाला असा थेट, तुलनेचा आधार आहे. ते स्पंजही पिंप-स्पंज नव्हेत, हे सांगायला मात्र विसरू नये. आश्चर्य असे की ही सर्वांत भक्कम गोष्ट लोकप्रिय लेखांत क्वचितच येते. ती दिसायला साधी आहे, एवढाच तिचा अपराध.

वर्गात काय करता येईल?

आमची सूचना साधी आहे. फळ्यावर तीन रकाने आखावेत : मोजलेले, हिशेबाने काढलेले आणि मानलेले. वर आलेली विधाने विद्यार्थ्यांना एकेक करून वाचून दाखवावीत आणि प्रत्येक कोणत्या रकान्यात जाईल, ते त्यांनाच ठरवू द्यावे. वाद होतील, झालेच पाहिजेत. १२७ वर्षे हा आकडा पहिल्या रकान्यात जात नाही, हे नववीच्या मुलांना थोड्या चर्चेनंतर उमगते की नाही, ते पाहावे. त्यानंतर दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाची उंची वर्षाला ६ सेंटिमीटरने वाढते असे धरून आलेख काढायला सांगावा आणि तीच रेषा साठाव्या वर्षापर्यंत ओढायला लावावी. चौदाव्या वर्षी १५० सेंटिमीटर असलेला मुलगा साठीत सव्वाचार मीटरचा होईल! स्पंजाच्या अभ्यासकांनी सरळ रेषा वापरली नव्हती, हे लगेच सांगावे. पण बहिर्वेशनाची जोखीम मुलांच्या कायमची लक्षात राहील.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँकेचे पठार आहे आणि तेथे प्रवाळ आहेत. अशा ठिकाणांविषयी आता मराठीतही लिहिले जाऊ लागले आहे. तेथील स्पंजांबद्दल एखादा ठाम आकडा वाचनात आला, तर तो कोणत्या समुद्रात, कोणत्या जातीवर आणि किती वर्षे मोजला, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्याने विचारावेत. ते तीन प्रश्न त्याला सुचले, तर रंध्रीय प्राणिसंघाचा धडा सार्थकी लागला असे खुशाल समजावे.